नेरळला गाडी बदला

नेरळ स्टेशनात दोन मापांचे रूळ आहेत. मुंबईहून कर्जतला जाणारी लोकल १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजवर धावते, माथेरानची छोटी गाडी ६१० मिलिमीटरच्या नॅरोगेजवर. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशांतून आणि त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन याच्या जिद्दीतून १९०७ साली ही लाइन सुरू झाली. डोंगरातली अवघड वळणं घ्यायला अरुंद रूळच सोयीचे होते. पण त्यामुळे नेरळला सगळ्यांनी उतरायचं आणि सामान इकडून तिकडे न्यायचं, हे आलंच.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. यूएसबीचा इतिहास मला या फलाटावरून जास्त चांगला कळतो. दोन मापं जुळत नाहीत तिथे मधलं ओझं कुणीतरी उचलतं. प्रश्न एवढाच, की कुणी?

नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरच्या पाठीमागे अशी बरीच नेरळं होती. कीबोर्डला गोल पिन, प्रिंटरला २५ पिनांचं रुंद पोर्ट, मोडेमला तिसरंच काहीतरी. ओझं वापरणाऱ्याच्या डोक्यावर. इंटेलमधले अजय भट्ट, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले, आणि त्यांचे सहकारी यांनी यावर उपाय काढला. सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये यूएसबी १.० आलं. तारा चारच: दोन विजेच्या, दोन डेटाच्या.

तरीही टोकं दोन होती. कॉम्प्युटरकडे चपटं टाइप-ए, प्रिंटरकडे चौकोनी टाइप-बी. हे मुद्दाम केलं होतं. वीज देणारा कोण आणि घेणारा कोण, हे आकारावरूनच ठरायचं. दोन कॉम्प्युटर चुकून एकमेकांना जोडले जायचे नाहीत. टाइप-ए उलटंसुलटं कसंही बसेल असं करता आलं असतं, पण तारा आणि खर्च वाढला असता. तो खर्च वाचला आणि आपण वीस वर्षं पेनड्राइव्ह फिरवून फिरवून लावत राहिलो.

पुढे यंत्रं लहान झाली. २००० मध्ये मिनी आलं, २००७ मध्ये मायक्रो. मायक्रोमधली युक्ती मला फार आवडते: झिजणाऱ्या स्प्रिंगा फोनमधून काढून केबलच्या पिनेत घातल्या. खराब व्हायचंच असेल तर स्वस्त वस्तू होऊ दे!

मग २०१४ मध्ये टाइप-सी आलं. २४ पिना, दोन्ही बाजूंनी सारखं. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना ते सक्तीचं केलं. त्याआधीच, २०२३ मध्ये, आयफोन १५ त्यावर आला होता. ड्रॉवरमधला चार्जरांचा गुंता आता कमी होईल.

पण भोक एक झालं म्हणून आतले रूळ एक झाले नाहीत. एक सी-टाइप केबल सेकंदाला ४८० मेगाबिट नेते, तशीच दिसणारी दुसरी ४० गिगाबिट. साधी केबल ६० वॉटपर्यंत वीज नेते. २४० वॉटसाठी केबलमध्ये ओळख सांगणारी चिप लागते. त्यामुळे फोन झटपट चार्ज करणारी केबल व्हिडिओ कॉपी करताना रडत बसू शकते. पूर्वी फरक डोळ्यांना दिसायचा, आता पाकिटावरचं बारीक अक्षर वाचावं लागतं. ओझं पुन्हा आपल्याकडेच.

माथेरानचं उदाहरण याच्या उलटं आहे. तिथे मापं मुद्दाम वेगळी ठेवली आहेत. दस्तुरी नाक्याला गाड्या थांबतात, पुढे घोडे नाहीतर पायपीट. ती अडचण आहे म्हणून जंगल शांत आहे; २००३ पासून हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून संरक्षित आहे. टाइप-ए आणि टाइप-बीसारखंच: न जुळणं हीसुद्धा एक सुरक्षा असते.

मात्र त्या शांततेची किंमत हातरिक्षा ओढणारी माणसं कित्येक वर्षं खांद्यांनी मोजत आली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षांना परवानगी दिली, ती याच माणसांची बाजू ऐकून. वेशीवरची अडचण तशीच राहिली, फक्त ओझं उचलायला बॅटरी आली. इंजिनियर म्हणून मला हा तोडगा कोणत्याही नव्या पोर्टपेक्षा शहाणपणाचा वाटतो.