पिनबॉलची पेटी आणि हैदराबादचा सुट्या भागांचा बाजार

पिनबॉलच्या घडणीत माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी 1871 साली अमेरिकेत पेटंट घेतलेला स्प्रिंगचा दांडा आणि 1947 साली ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात आलेले फ्लिपर, म्हणजे बटण दाबताच चेंडू परतवणारी छोटी पाती, हे निर्णायक टप्पे होत. 2000 साली रँडी डेव्हिस यांची ‘व्हिज्युअल पिनबॉल’ ही हा खेळ संगणकावर खेळवणारी प्रणाली आली आणि पुढे लाकडी पेटीत पडदा आडवा बसवून घरीच यंत्र बांधण्याचा छंद रुजला.

हैदराबादेत अशा जुळणीला पूरक असे तंत्रवातावरण त्याआधीच होते. 1967 साली स्थापन झालेल्या ईसीआयएल या सरकारी उपक्रमाने येथे टीडीसी-12 हा संगणक घडवला, दूरचित्रवाणी संचही बनवले. आज कोठीच्या गुजराती गल्लीत इलेक्ट्रॉनिक सुटे भाग, तर सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये ग्राफिक्स कार्डासारखे संगणकाचे भाग मिळतात.

सुट्या भागांच्या निवडीचा आरंभ पडद्यापासून व्हावा, कारण त्याच्या मापावर पेटीची रुंदी ठरते. मूळ यंत्रांची रुंदी साधारण 22 इंच असे. फ्लिपरचा ठोका हाताला जाणवावा म्हणून सोलेनॉइड, म्हणजे वीज मिळताच आतील दांडा खेचणारे वेटोळे, बसवतात; वीज तुटताना त्यात उसळणारा उलटा दाब सर्किट जाळू नये यासाठी प्रत्येकाला डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने वाहू देणारा भाग, जोडावा लागतो. या स्वस्त भागाची काटकसर सर्वांत महाग पडते.