पत आणि ऐपत

मराठीत ‘पत’ आणि ‘ऐपत’ असे दोन शब्द आहेत. कानाला ते सख्ख्या भावंडांसारखे वाटतात. व्यवहारात मात्र दोघांच्या वाटा निराळ्या. घेतलेले पैसे हा गृहस्थ परत करील काय, हा पहिल्या शब्दाचा प्रश्न. परत करण्याचे सामर्थ्य त्याच्या गाठी आहे काय, हा दुसऱ्याचा. कर्ज मागावयास निघालेला मनुष्य बहुधा पहिल्या प्रश्नाचे उत्तर घोकून जातो आणि पेढीवर त्याला दुसराच प्रश्न विचारला जातो. चोख व्यवहाराचा माणूस रिकाम्या हाताने परततो, तो पुष्कळदा याच ठिकाणी. हा अनुभव आजकालचा नव्हे. आमच्या वाघोडियाच्या आणि बडोद्याच्या मुलखात त्याला दोन शतकांहून अधिक जुना इतिहास आहे. आणि श्रोतेहो, त्या इतिहासातला पहिला ऋणको कोणी गरीब कुणबी नसून खुद्द गायकवाड सरकार आहे.

१८०२ साली बडोद्याच्या गादीवर आनंदराव गायकवाड होते आणि रावजी आप्पाजी हे त्यांचे दिवाण. अरब शिबंदीचा पगार तुंबला होता. शिबंदी मोडावयाची तर आधी थकबाकी चुकती करणे प्राप्त होते आणि खजिन्यात तेवढा पैसा नव्हता. गुजरातची जमीन पिकाऊ, वसूल मोठा. राज्याच्या ऐपतीविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते. परंतु वसूल येणार आणि तो आपल्यापर्यंत पोहोचणार, या दोहोंमधील अंतर बडोद्याच्या सावकारांना पुरते ठाऊक होते. त्यांना इंग्रज कंपनीची हमी हवी होती. बडोद्याच्या दप्तरात या हमीला ‘बहांदरी’ असे नाव आहे. मेजर वॉकर यांच्या कारकिर्दीत ती मिळाली, तेव्हा थैल्यांची तोंडे सुटली. अर्थात् जो जामीन राहतो, तो घरच्या जमाखर्चातही लक्ष घालू लागतो. कंपनीने तसेच केले, आणि एकदा आत आलेला हा पाहुणा पुढे उठण्याचे नाव घेईना.

याच्या अगदी उलट प्रकार सुमारे सत्तर वर्षांनंतर दक्षिणेत, पुणे व नगर जिल्ह्यांत घडला. तेथे ऋणको होता कुणबी शेतकरी. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले, विलायतच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या चार वर्षांत सावकार आपण होऊन शेतकऱ्याच्या ओसरीवर येत असे. किती हवेत, एवढेच तो विचारी. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, त्यातच नव्या जमाबंदीने सारा वाढला. आणि नेमका याच वेळी सावकाराने हात आखडता घेतला. ज्याच्या बापाने व आज्याने त्याच पेढीवर पिढीजात देवघेव केली होती, त्याला बियाण्यापुरते पैसेही मिळेनात. शेतकऱ्याची दानत बदलली नव्हती. बदलला होता कापसाचा भाव. पत तीच राहिली, ऐपत गेली. आणि इतकी वर्षे आपण शब्दावर देत आहो असे भासविणारा सावकार वस्तुतः कापसावर देत होता, हे उघडकीस आले.

कायद्यानेही या दुःखात भर घातली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत फिर्याद करावी लागे. हेतू असा, की व्याजाचा डोंगर वाढू नये. सावकाराने त्यावर तोड काढली. दर तीन वर्षांनी जुना रोखा फाडून नवा लिहून घ्यावयाचा आणि साचलेले व्याज मुद्दलात मिळवावयाचे. खाली निशाणी करणाऱ्या शेतकऱ्याला अक्षरओळख नव्हती. व्याज मुद्दलापेक्षा अधिक होऊ नये, हा दामदुपटीचा जुना दंडक गावोगाव माहीत होता, तरी शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांवर व्याज आकारल्याचे उदाहरण पुढे सरकारी चौकशीत निघाले. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे गावी लोकांनी सावकारांची घरे-दुकाने घेरली. त्यांचा मुख्य रोख होता कागदांवर. खतपत्रे व वह्या हाती लागताच त्यांची होळी झाली, आणि हे लोण दोन्ही जिल्ह्यांत पसरले. १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, न्यायाधीशाला रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार मिळाला. कायदा चांगला होता. परंतु सावकाराने कर्ज देणे आणखी कमी केले, आणि दिलेच तर गहाणखताऐवजी जमिनीचे खरेदीखतच तो मागू लागला.

या उठावानंतर पंधरा दिवसांनी, २७ मे १८७५ रोजी, नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथील शेतकरी कुळातला बारा वर्षांचा एक मुलगा बडोद्याच्या गादीला दत्तक गेला. तेच पुढे महाराज सयाजीराव. त्यांच्या राजधानीत दिवाणखात्यापासून शाळेपर्यंत मराठी कारकून व शिक्षक मंडळी पुष्कळ होती. त्यांचा पगार ठरलेला, राहणी बेताची, नावाला बट्टा नाही. परंतु जमीन नाही आणि दागदागिने बेताचेच. मुलीचे लग्न किंवा दुखणे उभे राहिले, की भारी व्याजाच्या सावकाराची पायरी चढणे आले. विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांनी ५ फेब्रुवारी १८८९ रोजी बडोद्यात ‘अन्योन्य सहायकारी मंडळी’ स्थापन केली, ती अशा माणसांसाठी. हिंदुस्थान सरकारचा सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ चा, म्हणजे मंडळीहून पंधरा वर्षांनी धाकटा. कल्पना साधी होती: शेजाऱ्याची दानत शेजाऱ्यालाच माहीत असते, तेव्हा सर्वांनी थोडे थोडे साठवावे आणि गरजवंताला त्यातून द्यावे.

आमच्या वसईकडील कॅथलिक समाजाने हीच वाट धरली. तेथे मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस यांनी १९१८ साली काढलेली बँक आजही चालू आहे. अशा संस्थांत एक उणीव असते, ती लपविण्यात अर्थ नाही. ओळखीवर उभी राहिलेली पेढी ओळखीबाहेरच्याला सहसा उभे करीत नाही, आणि ओळखीच्याला नको तितके देऊन बसते. ‘अन्योन्य’वरही २००७ साली रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले.

खुद्द महाराजांनी १९०८ साली बँक ऑफ बडोदाची स्थापना केली. मोठ्या बँकेला गल्लीतल्या माणसाची दानत कळावी कशी? तिला कागद लागतो. त्या कागदाचे आजचे रूप म्हणजे तीनशे ते नऊशेपर्यंतचा पतगुणांक. २००० साली ‘सिबिल’ ही संस्था निघाली आणि प्रत्येकाच्या हप्त्यांची नोंद एका जागी होऊ लागली. साडेसातशेच्या वर गुण म्हणजे उत्तम, असे समजतात. परंतु हा आकडा सांगतो एवढेच, की या माणसाने आजवरची कर्जे कशी फेडली. त्याची नोकरी उद्या राहील काय, पगारातला किती भाग आधीच हप्त्यांत जातो, घराची कागदपत्रे निर्वेध आहेत काय, हे त्यात येत नाही. नावच पतगुणांक, ऐपत तो मोजीत नाही.

वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारे माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील मूळचे खानदेशचे. दुचाकीचा एकही हप्ता त्यांनी चुकविला नव्हता, गुणांक आठशेला टेकलेला. घरबांधणीचे कर्ज एका बँकेने नाकारले, आणि कारण विचारता कोणी नीट बोलेना. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अर्ज नामंजूर करताना मुख्य कारण लेखी कळविणे बँकांवर बंधनकारक आहे. कर्ज लहान असो वा मोठे. हे कळल्यावर त्यांनी अर्ज करून पत्र मागितले. पत्र आले. त्यात एकच ओळ होती: नोकरी कंत्राटी स्वरूपाची आहे. बारा वर्षे त्याच कारखान्यात, पण दर अकरा महिन्यांनी नवा करार. त्या ओळीत खोटे काही नव्हते.

अखेरीस आपल्या गावकऱ्यांच्या पतपेढीकडे ते गेले. दोघे जामीन राहिले, मागितलेल्या रकमेच्या निम्मी मिळाली, व्याजही बँकेहून चढे. छप्पर झाले आहे. मागची खोली अजून व्हावयाची आहे.