ब्राउझर आणि मराठीचे पाठभेद

वेब ब्राउझरची तुलना जगभर तीन कसोट्यांवर होत आली: पान किती झटकन उघडते, काम चालू असताना ब्राउझर किती वेळा कोसळतो आणि सोयी कोणकोणत्या देतो. मराठी वाचकाला निदान दहा-पंधरा वर्षे या तिन्हींच्या आधी एक चौथी कसोटी लावावी लागली. अक्षरे धड दिसतात का, ही ती कसोटी. तिच्यासाठी पैठणचे उदाहरण सोयीचे आहे. ‘पैठण’ हा शब्द जुन्यातल्या जुन्या ब्राउझरमध्येही, फॉन्ट असला की, बरा दिसे, कारण त्यात जोडाक्षर नाही आणि मात्रा अक्षराच्या डोक्यावरच बसतात. याच गावाचे प्राचीन नाव ‘प्रतिष्ठान’ मात्र पडद्यावर येताना हमखास फुटे. ‘प्र’मधला ‘र’ सुटा पडे, ‘ष्ठ’चे दोन तुकडे होत. पहिली वेलांटी संगणकात ‘त’च्या नंतर साठवलेली असते आणि दाखवताना ती ‘त’च्या आधी न्यावी लागते. हे न कळणारा ब्राउझर वेलांटी होती तिथेच ठेवी आणि वाचकाला ती ‘ष’ची वाटे. वेगाच्या स्पर्धेत पहिला आलेला ब्राउझर या एका शब्दावर नापास होऊ शकत असे.

पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत लिहिला. सर्वसामान्यांपर्यंत पोचला तो १९९३ चा मोझॅइक आणि १९९४ च्या अखेरीचा नेटस्केप नॅव्हिगेटर. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी लोकांसाठी इंटरनेट खुले केले आणि त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्स्प्लोअरर बाजारात आला. भारतातल्या विद्यार्थ्यांना परवडणारे खाते ‘शेल’ प्रकारचे होते. त्यात चित्रे दिसत नसत. लिंक्स नावाच्या, केवळ मजकूर दाखवणाऱ्या ब्राउझरवर काम भागवावे लागे. वेगात लिंक्सला तोड नव्हती, पण देवनागरीचा तिथे प्रश्नच नव्हता. त्या काळातली नेटवरची मराठी बरीचशी रोमन लिपीतली आहे ती यामुळेच. १९९६ च्या गणेशोत्सवात अमेरिकेत सुरू झालेले ‘मायबोली’ हे संकेतस्थळ याच काळातले.

महानगरांबाहेर ही गोष्ट उशिरा पोचली. ज्या गावात जोडणीचे केंद्र नसे तिथून जवळच्या शहराला एसटीडी लावून इंटरनेट घ्यावे लागे आणि मिनिटामिनिटाचे बिल चढे. छत्रपती संभाजीनगरपासून साधारण पन्नास किलोमीटरवर असलेल्या पैठणसारख्या तालुक्याच्या गावी ब्राउझर म्हणजे बहुतेकांच्या लेखी सायबर कॅफेतल्या संगणकावरचा एक्स्प्लोअररचा निळा ‘ई’. मराठी विकिपीडियाने ‘न्याहाळक’ हा छान शब्द घडवला, पण तो विकिपीडियाच्या उंबऱ्याबाहेर फारसा पडला नाही. लोक ‘नेट उघडतो’ म्हणत राहिले.

१९९७ मध्ये नेटस्केप आणि एक्स्प्लोअरर या दोघांची चौथी आवृत्ती आली आणि मराठी वृत्तपत्रे नेटवर येण्याचा मार्ग खुला झाला. दोन्ही ब्राउझर पानाबरोबर फॉन्टही उतरवून घेऊ शकत होते, पण दोघांचे तंत्र वेगळे. नेटस्केपला बिटस्ट्रीम कंपनीच्या पद्धतीची फाइल लागे, एक्स्प्लोअररला मायक्रोसॉफ्टची स्वतःची. म्हणून एकच अंक दोघांना दाखवायचा तर एकाच फॉन्टच्या दोन फाइली तयार ठेवाव्या लागत. त्यात मोडेमचा वेग. ५६ किलोबिटच्या जोडणीवर प्रत्यक्षात सेकंदाला जेमतेम पाच किलोबाइट उतरत; फॉन्ट ६० किलोबाइटचा धरला तरी तो येण्यातच बारा सेकंद जात. तोवर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, टोप्या आणि टिंबे यांचा काला. तो काला हेच त्या पानाचे खरे रूप होते, कारण मजकूर मराठीत साठवलेलाच नसे. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत आणि कोणता तुकडा कुठे, हे प्रत्येक फॉन्टवाल्याने आपापल्या मर्जीने ठरवलेले. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, किरण या प्रत्येकाची मांडणी निराळी होती. एका फॉन्टातला मजकूर दुसऱ्यात उघडला की अर्थाचा पत्ता नसे आणि शोधयंत्राला तर यातले काहीच वाचता येत नसे.

हा प्रकार मराठीला अगदी नवा म्हणता येणार नाही. नकलाकारांच्या हातून ज्ञानेश्वरीत शिरलेले पाठभेद दूर करून एकनाथांनी पैठणला शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, शुद्ध प्रत सिद्ध केली. पोथ्यांमधले पाठभेद निदान वाचता तरी येत. ब्राउझरांनी निर्माण केलेले पाठभेद वाचतासुद्धा येत नव्हते, आणि मूळ प्रत म्हणावी अशी फाइलही शुद्ध मराठीत नव्हती. एक्स्प्लोअररच्या तंत्राला मोठे आयुष्य लाभले. नेटस्केपने मात्र २००० सालच्या सहाव्या आवृत्तीत आपले फॉन्टतंत्र सोडून दिले. त्या दिवसापासून फॉन्ट उतरवून वाचायच्या पानांसाठी मराठी वाचकाची निवड उरलीच नाही.

यावरचा उपाय युनिकोडच्या रूपाने आधीपासून तयार होता. १९९१ मध्ये निघालेल्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला १२८ जागा दिलेल्या होत्या, आणि त्यांची मांडणी भारतीय ‘इस्की’ प्रमाणावर बेतलेली होती. पुण्याच्या सी-डॅकने भारतीय लिप्यांसाठी केलेल्या कामाचा धागा तिथवर जातो. पण युनिकोडमध्ये फक्त अक्षरांचे क्रमांक असतात. क्रमांकांची ओळ वाचून ‘ष्ठ’ जोडणे, रफार शिरोरेषेवर चढवणे, वेलांटी मागे नेणे हे काम दुसऱ्या एका प्रणालीला करावे लागते. विंडोज २००० मध्ये ती ‘युनिस्क्राइब’ या नावाने आली आणि सोबत ‘मंगल’ हा फॉन्ट आला. विंडोज एक्सपीवर ती सोय मुळात बंद असे. ती चालू करायला नियंत्रण पटलात जाऊन एक खूण करायची आणि मग मूळ सीडी घालायची. सायबर कॅफेत ती सीडी मिळणे म्हणजे नशिबाचा भाग.

एक्स्प्लोअरर आणि फायरफॉक्स यांची खरी लढत इथे झाली आणि मराठीत तिचा निकाल जगापेक्षा उलटा लागला. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली तेव्हा एक्स्प्लोअररच्या हाती नव्वद टक्क्यांच्या आसपास बाजार होता आणि त्याची सहावी आवृत्ती तीन वर्षे जुनी झाली होती. फायरफॉक्सकडे टॅब होते, आगंतुक खिडक्या अडवण्याची सोय होती, सुरक्षितता अधिक होती. एक्स्प्लोअररला टॅब मिळायला २००६ ची सातवी आवृत्ती उजाडावी लागली. सोयींच्या कसोटीवर फायरफॉक्स पुढे होता. पण एक्स्प्लोअरर युनिस्क्राइबला थेट हाताशी धरत असल्यामुळे एक्सपीवर ती खूण न करताही देवनागरी नीट जोडून दाखवी. फायरफॉक्स विंडोजच्या नेहमीच्या मार्गाने अक्षरे काढी, म्हणून खूण केलेली नसली की ‘प्रतिष्ठान’ फुटलेच. खूण केली तरी एक खोड उरे: परिच्छेदाच्या दोन्ही कडा सरळ केलेल्या पानावर शब्दांत जागा सोडताना फायरफॉक्स जोडाक्षरेच उसवून टाकी. ज्याला मराठी वाचायचे होते तो मागासलेल्या एक्स्प्लोअररला चिकटून राहिला, आणि त्यात त्याचे चुकले असे म्हणवत नाही.

लिनक्सवरची तऱ्हा याहून बोधक आहे. तिथे देवनागरी जोडण्याचे काम ‘पँगो’ ही प्रणाली करी. फायरफॉक्समध्ये पँगो चालू ठेवला तर पाने हळू उघडत, म्हणून वेग वाढवण्याच्या युक्त्यांमध्ये पँगो बंद करण्याची युक्ती हमखास सांगितली जाई. इंग्रजी वाचणाऱ्याला ती खरोखर उपयोगी होती. मराठी वाचणाऱ्याने ती वापरली तर पान झटकन येई आणि वाचता येत नसे.

तरीही फायरफॉक्सने मराठीसाठी एक मोलाची सोय दिली ती ॲड-ऑनची. ‘पद्मा’ नावाचे, तेलुगूपासून सुरुवात केलेले ॲड-ऑन जुन्या फॉन्टांतला मजकूर जागेवरच युनिकोडमध्ये बदलून दाखवी. दरम्यान १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया आणि २००४ मध्ये ‘मनोगत’ ही संकेतस्थळे युनिकोडवर उभी राहिली होती. लिहिणारे वाढले आणि वृत्तपत्रांनीही एकामागून एक जुने फॉन्ट सोडले. जून २००८ मध्ये फायरफॉक्सची तिसरी आवृत्ती आली. ती पहिल्या चोवीस तासांत ऐंशी लाखांहून अधिक वेळा उतरवली गेल्याची नोंद गिनेस पुस्तकात आहे. मराठीसाठी त्या आवृत्तीचे महत्त्व निराळे: मजकूर मांडण्याची यंत्रणा नव्याने लिहिल्यामुळे उसवणारी जोडाक्षरे तिच्यात थांबली.

त्याच वर्षी २ सप्टेंबरला गुगलने क्रोम आणला. प्रत्येक टॅब ही स्वतंत्र प्रक्रिया, म्हणून एक पान कोसळले तरी बाकीची शाबूत, ही त्याची स्थिरतेबाबतची नवी कल्पना होती. किंमत मोजावी लागे ती मेमरीत, आणि कमी मेमरीच्या जुन्या संगणकावर दहा टॅब उघडले की ती किंमत लगेच जाणवे. वेगासाठी त्याने व्ही-८ हे जावास्क्रिप्ट इंजिन आणले आणि पुढची काही वर्षे सनस्पायडर, क्राकेन, ऑक्टेन अशा चाचण्यांच्या आकड्यांची झुंज चालली. ब्राउझर घडवणारे चाचणीपुरताच वेग वाढवू लागले, तेव्हा २०१७ मध्ये गुगलने स्वतःचीच ऑक्टेन चाचणी मोडीत काढली.

गावाकडे या आकड्यांना फारसा अर्थ नव्हता, कारण तिथला बहुतेकांचा पहिला ब्राउझर संगणकावर नव्हताच. तो साध्या जावा फोनवरचा ऑपेरा मिनी होता. २००६ मध्ये जगभर खुल्या झालेल्या या ब्राउझरची रीत वेगळी: पान आधी कंपनीच्या सर्व्हरवर उघडायचे, तिथे ते दाबून नव्वद टक्क्यांपर्यंत लहान करायचे आणि मग फोनवर धाडायचे. टूजीच्या मंद जोडणीवर, मोजून घेतलेल्या डेटावर याला पर्याय नव्हता. पण फोनमध्ये देवनागरी फॉन्ट नसे आणि मराठी पानावर नुसते चौकोन येत. त्यावरचा तोडगा तोंडोतोंडी पसरला. पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा:कॉन्फिग’ असे इंग्रजीत टाकायचे, उघडलेल्या यादीत जटिल लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट वापरण्याचा पर्याय शोधायचा, तिथे ‘यस’ करून जतन करायचे. मग सर्व्हर मराठी मजकुराची चित्रे करून पाठवी. पान थोडे जड होई, मजकूर उचलता येत नसे, पण ‘प्रतिष्ठान’ अखंड दिसे. लिनक्सवाल्यांच्या युक्तीच्या नेमका उलटा हा सौदा: वेग थोडा द्यायचा आणि अक्षर घ्यायचे.

सरकारी कामांनी तुलनेला आणखी एक फाटा फोडला. अनेक संकेतस्थळांच्या तळाशी ‘इंटरनेट एक्स्प्लोअररमध्ये उत्तम दिसेल’ अशी ओळ असे आणि ती सूचनेपेक्षा अट अधिक होती. डिजिटल सहीसाठी लागणारे ॲक्टिव्ह-एक्स फक्त एक्स्प्लोअररवर चाले, आणि जावा ॲपलेटचा आधार क्रोमने २०१५ मध्ये, फायरफॉक्सने २०१७ मध्ये काढून घेतला. त्यामुळे रोजच्या वापराला क्रोम आणि निविदा भरायला एक्स्प्लोअरर, असे दोन ब्राउझर एकाच संगणकावर नांदत. सायबर कॅफेवाल्याला कोणता अर्ज कशात उघडतो हे पाठ असे. तेवढ्या माहितीवर त्याचा धंदा चाले.

पुढचा बदल झपाट्याने झाला. यूसी ब्राउझर स्वस्त अँड्रॉइड फोनांवर पसरला, भारतात मोबाइलवर काही काळ सर्वांत पुढे राहिला आणि जून २०२० मध्ये भारत सरकारने घातलेल्या बंदीने एका रात्रीत गेला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि डेटा वाचवणे हा ब्राउझरचा सर्वांत मोठा गुण राहिला नाही. २०१७ च्या बटणांच्या जिओफोनमधली कायओएस ही प्रणाली फायरफॉक्स ओएसपासून निघालेली. ज्या फायरफॉक्सने एकेकाळी मराठीची जोडाक्षरे उसवली, त्याचेच इंजिन असे नाव न सांगता लाखो खिशांत जाऊन बसले. एक्स्प्लोअरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. त्याच्या जागी आलेल्या एजने त्याआधीच, जानेवारी २०२० मध्ये, क्रोमचे इंजिन स्वीकारले होते.

आता क्रोम आणि फायरफॉक्स दोघेही अक्षरजुळणीसाठी ‘हार्फबझ’ ही एकच मुक्त प्रणाली वापरतात, म्हणून ‘प्रतिष्ठान’ दोन्हींत सारखेच नीट दिसते. १९९७ ची पानाबरोबर फॉन्ट धाडण्याची कल्पनाही समान प्रमाण घेऊन परतली असून मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट कुठल्याही ब्राउझरवर उतरतात. फरक उरला आहे तो बारीक. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली, त्याआधी ‘अ’वर चंद्र चढवून लिहिलेले शब्द काही ठिकाणी अजून तुटक वर्तुळासह दिसतात. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी असतात, आणि पानाची भाषा मराठी आहे अशी खूण लिहिणाऱ्याने केली असेल आणि फॉन्टात ती वळणे असतील तरच ब्राउझर ती दाखवतो. पैठणच्या शालिवाहनाच्या नावात ही दोन्ही अक्षरे आहेत आणि बहुतेक पडद्यांवर ते आजही हिंदी वळणानेच उमटते.