हेरञ्ञिकाची दृष्टी : उत्तरकालीन रोमन नाण्यांचा संग्रह आणि सिंहलद्वीप

विसुद्धिमग्गाच्या चौदाव्या परिच्छेदात, म्हणजे खन्धनिद्देसात, सञ्ञा, विञ्ञाण आणि पञ्ञा या तिन्हींमधील भेद स्पष्ट करण्यासाठी आचार्य बुद्धघोषांनी नाण्यांचा दृष्टान्त योजिला आहे. सराफाच्या फळीवर कहापणांची रास पडलेली आहे. अजाण बालकाला ती नाणी चित्रविचित्र, लांबट, चौकोनी किंवा वाटोळी आहेत एवढेच दिसते. गावकऱ्याला त्याखेरीज हेही ठाऊक असते की, या वस्तूच्या मोबदल्यात उपभोगाचे पदार्थ मिळतात. परंतु त्यांतले खरे कोणते व खोटे कोणते हे त्याला सांगता येत नाही. हेरञ्ञिक, म्हणजे नाणेपारखी, मात्र पाहून, वाजवून, हुंगून, चाखून आणि हातात तोलून सर्व काही जाणतो. इतकेच नव्हे, तर अमुक नाणे कोणत्या गावी, नगरात, डोंगरावर किंवा नदीतीरी, कोणत्या आचार्याने घडविले हेही तो ओळखतो. अभिधम्माचे अभ्यासक हा दृष्टान्त पञ्ञेच्या विवेचनासाठी सांगतात व ते योग्यच आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला त्यात आणखी एक सूचना आढळते. नाण्याचे पूर्ण ज्ञान म्हणजे त्याच्या स्थानाचेही ज्ञान होय.

हा ग्रंथ अनुराधपुराच्या महाविहारात, इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात, राजा महानामाच्या काळात सिद्ध झाला अशी परंपरा आहे. याच कालखंडातील रोमन सम्राटांची लहान कांस्यनाणी सिंहलद्वीपात फार मोठ्या संख्येने सापडली आहेत. बुद्धघोषांच्या दृष्टान्तातील नाणी रोमन होती असा याचा अर्थ नव्हे. ते कहापणांविषयीच बोलतात. तथापि, ज्या समाजात हा दृष्टान्त ऐकणाऱ्याला सहज समजत होता त्या समाजाच्या हाती परदेशी नाणीही येत होती, ही गोष्ट उपेक्षणीय नाही.

प्रथम ही नाणी कशी होती ते पाहू. तिसऱ्या शतकात रोमन चांदीच्या नाण्याचा फार ऱ्हास झाला. गॅलिएनस (२५३-२६८) याच्या कारकिर्दीच्या अखेरीस त्या नाण्यात शेकडा पाच भागांहूनही कमी चांदी उरली होती. डायोक्लेशनने सुमारे २९४ मध्ये चलनाची पुनर्रचना केली. एका रोमन पौंडात ९६ या प्रमाणात शुद्धप्राय चांदीचे नाणे आणि सुमारे १० ग्रॅम वजनाचे, अल्प चांदी मिसळलेले कांस्यनाणे त्याने सुरू केले. हे कांस्यनाणे पुढील चाळीस वर्षांत घटत घटत दोन ग्रॅमच्या आसपास आले. कॉन्स्टंटाइनने एका पौंडात ७२ या प्रमाणात सोन्याचे ‘सॉलिडस’ पाडले. हे सोने शतकानुशतके स्थिर राहिले. सामान्य माणसाच्या हातातले कांस्य मात्र सतत हलके होत गेले.

या कांस्यावरचे लेख आणि त्यामागची परिस्थिती यांत मोठे अंतर आहे. ३४८ मध्ये ‘फेल टेम्प रेपारातिओ’, म्हणजे सुखाचे दिवस परत आले, हा लेख असलेली नाणी निघाली. त्यांच्या एका प्रकारात सैनिक पडलेल्या घोडेस्वाराला भाल्याने भोसकत आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस ‘सालुस रेइपुब्लिकाए’, म्हणजे राज्याचे कल्याण, हा लेख असलेल्या चिमुकल्या नाण्यांवर विजयदेवता एका बंदिवानाला फरफटत नेताना दिसते.

चित्राखालच्या पट्टीत टांकसाळीची आद्याक्षरे असतात. त्यांवरून नाणे आंतिओखचे, अलेक्झांड्रियाचे, कॉन्स्टँटिनोपलचे की दूर पश्चिमेकडील त्रीरचे, हे कळते. पुष्कळदा त्या टांकसाळीतील कार्यशाळेचे अक्षरही असते. हेरञ्ञिक नगर आणि आचार्य जाणतो असे बुद्धघोष म्हणतात. रोमन नाण्याने ती माहिती स्वतःच्या अंगावर वागविली आहे. यामुळेच या नाण्यांचा संग्रह करणारे जगभर आहेत. ती विपुल असल्याने सोन्याच्या मानाने स्वस्त मिळतात, आणि १९२३ ते १९९४ या काळात दहा खंडांत पूर्ण झालेल्या रोमन साम्राज्यीय नाण्यांच्या इंग्रजी सूचीच्या साहाय्याने चिकाटीच्या संग्राहकाला ती वाचता येतात.

परंतु नाणे वाचणे आणि नाण्यांपासून इतिहास जाणणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. याचे उत्तम उदाहरण इंग्लंडमधील हॉक्स्ने येथील ठेवा होय. नोव्हेंबर १९९२ मध्ये एरिक लॉस हे गृहस्थ शेतात हरवलेला हातोडा धातुशोधक यंत्राने शोधत असता त्यांना नाणी लागली. त्यांनी सर्व खणून न काढता अधिकाऱ्यांना कळविले आणि पुरातत्त्वज्ञांनी तो ठेवा जागेवरच अभ्यासून उचलला. सुमारे १५,००० नाण्यांपैकी १४,००० हून अधिक चांदीची होती. संग्राहक त्यांना ‘सिलिक्वा’ म्हणतात. बहुतेकांच्या कडा कातरलेल्या होत्या, परंतु सम्राटाचा मुखवटा शाबूत ठेवला होता. एकेकटे विकले गेले असते तर कातरलेले नाणे म्हणजे केवळ कमी किमतीचा, खराब नमुना ठरला असता. संपूर्ण ठेवा एकत्र पाहता आल्यामुळे, पाचव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमधील रोमन सत्ता मावळत असता चांदीची टंचाई लोकांनी कशी निभावली यावर प्रकाश पडला. आपल्याकडेही १९०६ मध्ये नाशिकजवळील जोगळटेंभी येथे १३,००० हून अधिक चांदीची नाणी एकत्र सापडली. त्यांपैकी ९,००० हून अधिक नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचे ठसे उमटविले होते. सत्तांतराचा असा पुरावा एखाद्या सुट्या नाण्यातून मिळाला नसता.

आता सिंहलद्वीपाकडे वळू. कॉड्रिंग्टन यांनी १९२४ च्या आपल्या ग्रंथात तेथील रोमन नाण्यांचा परामर्श घेतला आहे. ही नाणी बहुतांशी चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातील व पाचव्याच्या आरंभीची, अत्यंत झिजलेली आहेत. शिवाय बेटावरच पाडलेल्या त्यांच्या नकलाही सापडतात. मातरजवळच्या नैमन या गावावरून त्यांतील काहींना नाव मिळाले आहे. नकला पाडल्या गेल्या याचा अर्थ असा की, हे कांस्य केवळ धातू म्हणून आले नव्हते. नाणे म्हणूनही त्याला मागणी होती. तमिळनाडूत करूर व मदुरै येथेही उत्तरकालीन रोमन कांस्यनाणी मिळाली असून आर. कृष्णमूर्ती यांनी १९९४ मध्ये त्यांवर स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले. चिनी यात्रिक फाहियान हा सुमारे ४१० ते ४१२ या काळात या बेटावर होता; अनुराधपुरातील व्यापाऱ्यांच्या सुंदर घरांचा तो उल्लेख करतो. सहाव्या शतकातील कॉस्मस बेटाच्या बाजारपेठेचे वर्णन करतो व आपल्या कल्याण बंदराचेही नाव घेतो.

पालि अभ्यासकाच्या दृष्टीने खरा प्रश्न येथून पुढे सुरू होतो. निस्सग्गिय पाचित्तियाच्या अठराव्या नियमाने भिक्खूला जातरूप-रजत स्वीकारण्यास मनाई आहे. त्या नियमाच्या पदभाजनात ‘रजत’ शब्दाचा अर्थ केवळ चांदी असा नाही. कहापण, तांब्याचा मासक, लाकडी मासक, लाखेचा मासक, जे जे व्यवहारात चालते ते सर्व त्यात येते. म्हणजे रोमन कांस्याचा तो चिमुकला तुकडाही व्यवहारात चालू असेल तर विनयाच्या दृष्टीने रजतच ठरेल. अशी नाणी विहाराच्या आवारात मिळाली तर ती उपासकाचे दान, कप्पियकारकाकडील रक्कम, की संकटकाळी कोणी लपविलेले धन? ती कोणत्या थरात, कोणत्या भांड्यात, कोणत्या भिंतीपाशी होती यावरच उत्तर अवलंबून आहे. नाण्यावरील सम्राट ते सांगू शकत नाही. ते नाणे बेटावर केव्हा आले हेही तो सांगत नाही, कारण झिजलेले नाणे दीर्घकाळ हातोहात फिरलेले असते.

काही वर्षांपूर्वी सिंहलयात्रेहून परतलेल्या एका परिचित उपासकांनी कागदाच्या पुडीत बांधलेली सात लहान नाणी प्रस्तुत लेखकापुढे ठेवली. “सर, यांवर काय लिहिले आहे ते सांगाल का?” भिंग घेऊन बसल्यावर एकावर आर्केडियसच्या नावाची काही अक्षरे लागली आणि मन हरखून गेले. पुष्कळ वेळाने, ती कोठे सापडली, असा प्रश्न सुचला. “विकणारा म्हणाला, अनुराधपूरचीच आहेत,” एवढेच त्यांना सांगता आले. श्रीलंकेच्या १९४० च्या पुरातन वस्तुविषयक कायद्यानुसार अशा वस्तू परवान्याविना देशाबाहेर नेता येत नाहीत, हे त्यांच्या गावीही नव्हते. श्रद्धेने आणलेल्या वस्तूविषयी असे बोलणे लेखकाला जड गेले. ते काही क्षण गप्प राहिले आणि पुढच्या यात्रेकरूंबरोबर नाणी तेथील अधिकाऱ्यांकडे पोचती केली. नाणी परत गेली. ती जेथून निघाली ती जागा मात्र कायमची हरवली. दोष त्या उपासकांचाच होता असे म्हणता येत नाही. विनय शिकविणाऱ्या लेखकानेही आधी अक्षरे वाचली आणि स्थान मागाहून विचारले.

भारतातही १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू ठरतात व खाजगी व्यक्तीला ती परदेशी पाठविता येत नाहीत. भूमिगत ठेव्यांसाठी १८७८ चा कायदा आहे. परंतु कायदा संग्राहकाला विवेक देऊ शकत नाही. संग्रह करणे हे निंद्य नव्हे. अनेक नाणी संग्राहकांमुळेच मुशीत जाण्यापासून वाचली आहेत. अपेक्षा इतकीच की, प्रत्येक नाण्याबरोबर ते कोठे, केव्हा, कशासोबत आणि कोणाकडून मिळाले याची नोंद ठेवावी, ठेवा फोडू नये आणि संशयास्पद माल घेऊ नये. नाण्याचे रूप बालकही पाहते, त्याची किंमत गावकरीही जाणतो. नोंदीशिवाय जमविलेला संग्रह, मग तो कितीही मोठा असो, आपल्याला त्या गावकऱ्याच्या पुढे नेत नाही.