घाव टांकसाळीचा की काळाचा?

माझ्याकडे जुनी नाणी घेऊन येणारे लोक हल्ली ते नाणे कोणत्या राजाचे आहे, असे फारसे विचारत नाहीत. ‘ही टांकसाळीची चूक आहे ना?’ असे विचारतात. चूक अस्सल असली तर किंमत चढते, हे सर्वांना ठाऊक झाले आहे. मी नाण्यावर ठसा पडला तो क्षण शोधतो. समोरची खूण त्या आधीची, त्याच क्षणाची की नंतरची, एवढे ठरले की बहुतेक वाद मिटतात.

ठशाला तडा गेला असेल, तर आघाताच्या वेळी धातू त्या भेगेत शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उठते. खिळ्याचा किंवा दगडाचा ओरखडा मात्र खोल जातो आणि त्याच्या कडेला धातू खरवडून वर आलेला दिसतो. पत्र्यातून कोरी चकती कापताना ती आधीच्या भोकावर चढली, तर नाण्याची कड चंद्रकोरीसारखी तुटते. अशा आधुनिक नाण्यात तुटीच्या बरोबर समोरचा काठही बहुधा पुसट असतो, कारण काठ उठवताना तिथे पुरेसा दाब मिळालेला नसतो. कानशीने कड घासून केलेल्या ‘चुकी’त समोरचा काठ शाबूत राहतो.

मातीची आणि आम्लाची करणी ओळखायला तराजू मदत करतो. ब्रिटिशकालीन चांदीच्या रुपयाचे प्रमाण वजन 11.66 ग्रॅम. वजन बरेच घटले असेल आणि अक्षरे, चेहरा, कड असे सारेच सारखे झिजून गुळगुळीत झाले असेल, तर त्या पातळपणाचा दोष टांकसाळीला देऊ नये. पैठण परिसरात सातवाहनांची शिशाची नाणी सापडतात. शिशावर चढणारी पांढरी भुकटी हा धातूचा क्षय असतो. लाकडी कपाटातल्या आम्लयुक्त वाफांनीही तो वाढतो.

पण प्रत्येक विचित्र नाणे या दोनच खणांत बसत नाही. आपल्या शहराचेच उदाहरण घ्या. मोगल नाण्यांवर औरंगाबादचे नाव ‘खुजिस्ता बुनियाद’ असे येते. त्या काळी ठसा चकतीपेक्षा मोठा असे, म्हणून नाव अर्धेच उमटते. ती चूक नव्हे, तेव्हाची रीतच होती. त्याच रुपयावरच्या बारीक खाचा सराफांनी चांदीचा कस पाहण्यासाठी मारलेल्या असतात. त्या ठशानंतरच्या खऱ्या, पण त्या नाण्याने बाजारात किती हात पाहिले याची ती साक्ष आहे.

याचे सर्वांत मोठे उदाहरण नाशिक जिल्ह्यातले. जोगलथेंबी येथे 1906 साली 13,000 हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षहरात क्षत्रप नहपानाची. पण त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला होता. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह. त्याखालून नहपानाचा चेहरा आणि कडेची ग्रीक अक्षरे अर्धवट डोकावतात. नजर सरावलेली नसेल तर हे नाणे बिघडलेले किंवा चुकून दोनदा छापलेले वाटेल. प्रत्यक्षात ती एका राजाने दुसऱ्याच्या चलनावर नोंदवलेली सत्ता आहे. नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीचा शिलालेख क्षहरातांच्या उच्छेदाचे श्रेय तिच्या मुलाला देतो. आईने केलेल्या या गौरवाला ही नाणी स्वतंत्र पुरावा देतात.

हा साठा एखाद्या घरी सापडून घासूनपुसून ‘स्वच्छ’ झाला असता, किंवा खराब माल म्हणून मुशीत गेला असता, तर तो पुरावा राहिला नसता. लहान प्रमाणात असे आजही घडते. चूक म्हणून विकले जाणारे नाणे निदान जपले तरी जाते. ‘खराब’ ठरलेले नाणे भावाने मोडीत जाते.

म्हणून या लक्ष्मीपूजनाला जुनी नाणी ताम्हनात मांडताना चिंच किंवा रांगोळी लावून चकचकीत करू नका. काळा पडलेला थर राहू द्या, वजन टिपून ठेवा, नाणे कुठून आले हेही लिहा. लक्ष्मी डागाळलेल्या रुपयावरही रुसत नाही.