काष्ट्यापासून कचेरीपर्यंत



विषयाचे नाव ऐकताच पुढल्या रांगेतले काही गृहस्थ खाली पाहू लागले आहेत. कचेरीत जाणाऱ्या बाईने आतले कपडे कसे निवडावेत, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? मी पंडित नव्हे. जिनाच्या फाटकावर उभे राहून जे शिकलो तेवढीच माझी विद्या. एकदा तिथेच पगारवाढीवर बोलत असता एक वयस्क कामकरीण मला म्हणाली, "भाऊ, पगाराचं तं बोलता, पन दिसभर बाईनं जावं कुठी, थे कोन बोलन?" त्या वेळी मीही खाली पाहिले होते. ज्या गोष्टीची पुरुषाला लाज वाटते तिचा इतिहास त्याने आधी तपासावा, हे मी त्या दिवशी ठरविले.

आपला वऱ्हाड कापसाचा. लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या कापसाला अमरावतीवरूनच नाव पडले होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि इकडचे भाव चढले. आगगाडी आली, जिन-प्रेस उभे राहिले. तेथे कामाला येणारी बाई नऊवारी लुगड्याचा काष्टा मारून येई. या काष्ट्याकडे नीट पाहा. अंग झाकणे आणि आतल्या चड्डीचे काम, ही दोन्ही तो एकटाच करी. पुढे गाठ मारायची चोळीही तशीच. अंगासरशी बसून ती छातीला आधार देई. आपल्या आजीजवळ आतले कपडे नव्हते असे म्हणू नये. बाहेरच्या कपड्यातच ते सामावलेले होते.

मग ते वेगळे कधी झाले? १८६४ साली ज्ञानदानंदिनी देवी मुंबईस आल्या. पारशी स्त्रियांची नेसण पाहून त्यांनी परकर-पोलक्यावर साडी नेसण्याची रीत बंगाल्यात नेली. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यक शिकायला अमेरिकेस गेल्या. तिथल्या थंडीत नऊवारीने पाय पुरते झाकले जाईनात, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीची नेसण स्वीकारली. तिच्या आत परकर घालता येई. पुढे शिक्षिका, परिचारिका, कारकून अशी एकेक वाट मोकळी होत गेली आणि पाचवारी रूढ झाली. काष्टा सुटला तेव्हा चड्डी लागली. चोळीची गाठ जाऊन हुकांचे पोलके आले तेव्हा बॉडिस लागली. याला कोणी फॅशन म्हणतात. मी म्हणतो, जुन्या कपड्याने सोडलेले काम नव्या कपड्याने उचलले.

विलायतेत नेमके उलटे होते. तिथल्या बाईच्या अंगावर आतल्याच कपड्यांचे ओझे! १८८१ साली लंडनमध्ये सुधारक स्त्रियांनी एक संस्था काढली. आतल्या कपड्यांचे एकूण वजन ७ पौंडांवर, म्हणजे सुमारे सव्वातीन किलोंवर, जाऊ नये ही तिची एक मागणी. १९१४ साली न्यूयॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकब यांनी हलक्या बॉडिसचे पेटंट घेतले. बाई घराबाहेर पडली की कपडा हलका व्हावाच लागतो.

आता कायदा पाहा. १९४८ च्या कारखाने कायद्यात चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्या पुरुषाला घट्ट बसणारे कपडे मालकाने पुरवावेत असे कलम होते. बाईला त्या कामाची मनाईच होती. पुरुषाच्या कपड्यांचा विचार कायद्याला सुचला. बाईला दूर ठेवून तो मोकळा झाला. स्त्रियांसाठी वेगळ्या शौचकूपाचे कलमही त्यात होते. पण फाटकावरचा तो प्रश्न काही कागदाने सुटला नव्हता.

जुने ते सारे चांगले, असेही मी म्हणणार नाही. २०२४ साली वर्धा आणि बिहार इथल्या डॉक्टरांनी दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. कमरेला वर्षानुवर्षे घट्ट आवळलेल्या गाठीने कातडी घासली, जखम झाली आणि तिचा पुढे कॅन्सर झाला. त्यांतली एक परकराची नाडी आवळणारी, तर दुसरी नुसते लुगडे नेसणारी होती.

तेव्हा भगिनींनो, अकोल्या-अमरावतीचा पारा वैशाखात ४५ अंशांवर जातो, हे ध्यानात ठेवून कपडा घ्या. आतला कपडा सुती असावा, घाम टिपतो. नाडा रुंद घ्या, सैल बांधा आणि बांधण्याची जागा अधूनमधून बदला. बॉडिस मापाने घ्या. संध्याकाळी खांद्यावर वळ उठत असतील तर माप चुकले असे समजा. धुतलेला कपडा दुसऱ्या कपड्याआड ओलसर वाळवू नका. त्याला उन्हाचा हक्क आहे.

आणि बंधूंनो, आपले काम निराळे. दुकानात ती माप विचारत असता हसू नका, घरी तिच्या दोरीवर डोळे वटारू नका. कचेरीत पाण्याची सोय असलेले, आतून कडी लागणारे शौचकूप बायकांसाठी आहे की नाही, हे उद्याच जाऊन पाहा. नसेल तर अर्जावर पहिली सही तुमची असू द्या. आपल्या मातीतल्या कापसाने साऱ्या जगाची अंगे झाकली. तो पिकविणाऱ्या, वेचणाऱ्या बाईच्या लेकी आज कचेरीत बसतात; आठ तास त्यांना सुखाने बसता यावे, एवढे तरी आपण त्यांचे देणे लागतो.