मोटेचा कणा आणि टॅपेटाचें चाक

कोल्हापूरच्या परिसरांतील विहिरींवर मोट चाले त्या काळीं तिला दोन दोर असत. वरचा जाड नाडा मोठ्या चाकावरून जाई आणि खालचा सोंदूर विहिरीच्या कांठावरील लांकडी कण्यावरून. कणा म्हणजे स्वतःभोंवतीं फिरणारा गोल लांकडाचा तुकडा. दिसावयास अगदीं क्षुल्लक. पण तो अडकून बसला कीं सोंदूर त्यावर घासूं लागे, दोराचे पीळ सुटूं लागत आणि बैलांना तीच मोट जड होई. घासणें आणि गडगडणें यांतील भेद शेतकऱ्यास कोणत्याहि ग्रंथावांचून ठाऊक होता. शर्यतीच्या मोटारीच्या इंजिनांत टॅपेटाला चाक असावें कीं नसावें, हा आज मोठ्या हिरिरीनें चर्चिला जाणारा प्रश्न मुळांत ह्याच दोन क्रियांचा आहे.

मोटेची जागा पुढें तेलाच्या इंजिनानें घेतली. पंचगंगेच्या कांठचा ऊंस इंजिनानें उपसलेल्या पाण्यावर वाढूं लागला आणि गुऱ्हाळाचा चरकहि बैलांऐवजीं इंजिनावर फिरूं लागला. पुण्याजवळ खडकीस किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी १९४६ सालीं निघाली. कोल्हापुरांतहि ओतकाम आणि यंत्रकाम ह्यांचा पसारा वाढत गेला. येथील उद्यमनगरांत म्हादबा मेस्त्री यांचें नांव आजहि आदरानें घेतात.

शेतावरच्या त्या जुन्या संथ इंजिनाचे फेरे मिनिटास सुमारें ६५० असत. चार आघातांच्या इंजिनांत कॅमशाफ्ट निम्म्या गतीनें फिरतो, म्हणून व्हॉल्व्ह मिनिटास ३२५ वेळां उघडे. कॅमचा उंचवटा टॅपेटास उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्हला दाबतो. मिटविण्याचें काम स्प्रिंगचें. इतक्या सावकाश चालणाऱ्या यंत्रास सपाट टॅपेट पुरेसा होता. त्या टॅपेटाला सपाट म्हणतात खरें, परंतु मोटारीच्या इंजिनांत बहुधा त्याचा तळ किंचित फुगीर आणि कॅमचा माथा किंचित उतरता ठेवितात. त्यामुळें प्रत्येक उचलीस टॅपेट थोडासा स्वतःभोंवतीं फिरतो आणि झीज एकाच जागीं होत नाहीं. ही युक्ति ज्या कोणास प्रथम सुचली असेल त्याचें कौतुक करावें तेवढें थोडें.

आरंभीं तर वेगाचा प्रश्नच नव्हता. गॉटलीब डाइम्लर आणि विल्हेल्म मायबाख यांचें १८८५ सालचें इंजिन मिनिटास सुमारें ६०० फेरे करी, आणि त्याच्या आंत घेण्याच्या व्हॉल्व्हला कॅमच नव्हता. पिस्टनच्या ओढीनें तो आपोआप उघडे. ह्याच मायबाख यांच्या पुत्राच्या कारखान्यांतील एक गाडी कोल्हापूरच्या छत्रपति घराण्याकडे आहे व दसऱ्याच्या सोहळ्यांत नगरवासीयांस तिचें दर्शन घडतें.

आतां शर्यतीचें इंजिन घ्यावें. मिनिटास ७००० फेरे म्हणजे एकेक व्हॉल्व्ह सेकंदास सुमारें ५८ वेळां उघडणार. तेंच वजन तितकेंच उचलावयाचें असलें तरी त्याचा झोंक वेगाच्या वर्गानें वाढतो. ६५० फेऱ्यांच्या तुलनेनें तो सुमारें ११६ पट होतो. शिवाय व्हॉल्व्ह लवकर उघडून अधिक वेळ उघडा ठेवावयाचा, म्हणजे कॅमची बाजू उभी हवी. येथें सपाट टॅपेट हटतो. कॅम जितक्या झपाट्यानें उचल करतो तितकी स्पर्शाची जागा टॅपेटाच्या मध्यापासून दूर सरकते. ती कडेपर्यंत गेली कीं कडच कॅमला खोदूं लागते. तळाशीं चाक बसविलें कीं हें बंधन सुटतें. फोर्डनें १९८५ सालीं मस्टँगच्या पांच लिटरच्या इंजिनांत, आणि शेव्हरोलेनें १९८७ सालीं आपल्या छोट्या व्ही-आठ इंजिनांत, चाकाचे टॅपेट रोजच्या वापराच्या गाड्यांस दिले. तेथें हेतु शर्यतीचा नव्हता. घर्षण कमी करून इंधन वांचविणें हा होता.

परंतु चाक फुकट मिळत नाहीं. चाकाचा टॅपेट स्वतःभोंवतीं फिरतां कामा नये, नाहींतर चाक कॅमवर आडवें येईल. म्हणून जोडपट्टी किंवा मार्गदर्शक लागतो. तो जड असतो, म्हणून स्प्रिंग कडक घ्यावी लागते. चाकाखालचा दाब एका बारीक रेषेवर येतो. कडक स्प्रिंगखालीं साधें ओतीव लोखंड टिकत नाहीं, कॅमशाफ्ट पोलादाचा करावा लागतो. ओतीव कॅमशाफ्टचीहि एक वेगळी विद्या आहे. सांच्यांत धातूचे तुकडे ठेवून कॅमचा पृष्ठभाग झटकन थंड करतात, त्यामुळें तो कठीण होतो. सोलापुरांतील प्रिसिजन कॅमशाफ्ट्स हा कारखाना ह्याच जातीचे कॅमशाफ्ट देशोदेशीं पाठवितो.

आणखी एक निवड उरतेच: टॅपेट तेलावर चालणारा घ्यावा कीं भरीव? कॅडिलॅकनें १९३० सालीं आपल्या सोळा सिलिंडरांच्या गाडींत व्हॉल्व्हची फट तेलाच्या दाबानें आपोआप भरण्याची सोय केली. रस्त्यावर तें सुखाचें. आवाज नाहीं, फट जुळविण्याची कटकट नाहीं. अतिवेगांत मात्र टॅपेटांत तेल अधिक भरतें आणि व्हॉल्व्ह पुरता मिटत नाहीं. म्हणून निव्वळ शर्यतीस भरीव टॅपेट पसंत करतात. जो गाडी बाजारालाहि नेणार त्यानें तेलाचाच घ्यावा हें बरें.

जुनी गाडी जपणाऱ्यापुढें पेंच निराळा. धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेस बाधा येऊं नये म्हणून नव्या तेलांतील जस्त व फॉस्फरस कमी केलें गेलें, आणि सपाट टॅपेटाचें रक्षण हींच द्रव्यें करीत असत. नवा कॅम बसवून चुकीचें तेल घातलें तर अर्ध्या तासांत तो गोल होतो. चाकाच्या टॅपेटाला ही भीति फार कमी. त्याची भीति सुईसारख्या बेअरिंगांची आहे, कारण इंजिन मंद चालतांना त्यांना तेल अपुरें पोंचतें. म्हणून भरीव टॅपेटाची फट शर्यतीनंतर पुन्हां मोजतात. एखाद्या सिलिंडराची फट अकस्मात् वाढलेली आढळली, तर ती नुसती जुळवून न टाकतां जाणता मेस्त्री तो टॅपेट बाहेर काढतो, चाक बोटानें फिरवून पाहतो, आणि किंचितहि खरखर लागली तर तो पुन्हां आंत घालीत नाहीं.